लहानूच्या जोत्याशेजारची गाडी

सोनीच्या ओट्यावर बसलं की आपण कुठं आलो ते आधी नाकाला कळतं. शेणानं सारवलेली ओलसर जमीन, आत चुलीवर रटरटणारा नव्या तांदळाचा भात, कोपऱ्यातल्या टोपलीतली खुरासणी. यंदा दिवाळीनंतर आम्ही खोडाळ्याला गेलो, तेव्हा चप्पल काढायच्या आतच मी ओरडले, "सोने, भात नवा ना गं?" ती आतूनच म्हणाली, "तुला जुना कोन घालंल? बस गप." चाळिशी ओलांडली तरी आमचं बोलणं सातवीतल्या पोरींचंच राहिलंय. ती आता इथल्याच शाळेत शिकवते, तिथं शुद्ध बोलते, पण घरात पाऊल टाकलं की तिची जीभ पाड्याची होते.

माझी लेक ओट्याच्या कडेला पाय सोडून मोबाइलवर काहीतरी वाचून दाखवत होती. पुढल्या वर्षी आमच्याकडे न्यूझीलंडचं घाटतंय. आत बिछाना आणि स्वयंपाकाचा ओटा असलेली गाडी भाड्यानं घ्यायची आणि देशभर भटकायचं. त्यात पैसे कसे वाचवावेत याच्या युक्त्या ती बापाला ऐकवत होती. गर्दीचा हंगाम टाळा. मुक्कामाला फुकटची जागा शोधा. बाजार उठताना भाजी घ्या. हातानं रांधून खा. तिचा बाबा गंभीरपणे मान डोलावत होता. तेवढ्यात सोनी पदराला हात पुसत दारात आली, तिनं दोन वाक्यं ऐकली आणि माझ्याकडे बघून हसायला लागली. मग मलाही आवरेना. बापलेक आमच्या तोंडाकडे बघत बसले. त्यांना काय ठाऊक, आम्ही हे सगळं शास्त्र याच अंगणात शिकून बसलो होतो.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. माझे वडील, आप्पा, खोडाळ्याच्या शाळेत गुरुजी होते. आमची खोली बाजारपेठेच्या टोकाला, आणि सोनीचा पाडा तिथून ओढा ओलांडून वर. सोनी आणि मी एका बाकावर बसायचो. ती गणितात हुशार, मी बडबडीत, त्यामुळे आमचं बरं चालायचं. मी तिचं गणित उतरवून घ्यायची आणि गुरुजींनी विचारलं की दोघींच्या वतीनं मीच बोलायची.

त्या वर्षी श्रावणात सोनीचं घर बसलं. पडलं नाही, बसलं. दमलेलं माणूस भिंतीला टेकून खाली सरकतं ना, तसं. खांबांचे बुंधे कुजले होते, कारवीच्या काड्यांचे कुड, म्हणजे भिंती, भिजून फुगल्या आणि अर्धी कौलं फुटली. माणसं वाचली, कोंबड्याही वाचल्या. उरलं ते दगडमातीचं जोतं. सोनीचा बाबा लहानू, आई चांगुणा, डोकरी आजी, सोनी आणि तिचा वर्षाचा भाऊ असे सगळे काकाच्या ओट्यावर राहायला गेले. पाड्यावर म्हातारीला डोकरीच म्हणतात, त्यात कोणी राग धरत नाही. आम्हीही तिला डोकरी आजीच म्हणायचो.

दिवाळी सरली की पाड्यावर ट्रक यायचा, वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर माणसं न्यायला. मडकी, गोधड्या, कोंबड्या, पोरं असं सगळं त्यात चढायचं आणि पाडा अर्धा रिकामा व्हायचा. त्या वर्षी पहिला ट्रक गेला तेव्हा लहानू गेला नाही. दुसरा महिन्याभरानं यायचा होता. "घर उभं राह्यलं तर राहीन," तो आप्पांना म्हणाला, "खोडाळ्याच्या रस्त्याला रोजगार हमीचं काम निघनार हाय म्हनतात, तेवढ्यावर भागंल. नाय उभं राह्यलं तर कोनाच्या ओट्यावर किती दिस काढू? भट्टीवर निदान खोपी तरी देतात." लहानू गेला असता तर चांगुणाही जाणार, आणि भावाला कडेवर घेऊन सांभाळायला सोनी जाणार. सातवी तिथंच राहणार. एकदा भट्टीवर गेलेली पोर पुढल्या वर्षी परत बाकावर बसलेली आम्ही तरी पाहिली नव्हती.

आणि घर उभं करायला हात कुठं होते? आमच्याकडे घर बांधायचं तर सगळा पाडा येतो, घरवाला भात घालतो, झालं. पण पाडाच भट्टीवर. उरल्या होत्या त्या म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या आणि काकाचा एक लंगडा बैल.

अशात एका दुपारी ओढ्यातून खडखडत एक गाडी वर आली. साय आली की दूध कसं पिवळट दिसतं, त्या रंगाची. खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. चालवणारा उजवीकडे नाही, डावीकडे बसलेला. पोरं आधी पळाली आणि मग परत आली. आतून दोन गोरी माणसं उतरली, दोघंही आप्पांहून मोठी. बाप्याचं नाव यान आणि बाईचं ग्रेटा, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. हॉलंडहून रस्त्यानंच आले होते, कितीतरी देश ओलांडून. जव्हारला शिरपामाळाचं पठार बघून झालं, तिथं गावात कुणीतरी रात्रीच्या मुक्कामाचे पैसे मागितले, म्हणून ते पुढं निघाले. जागेला पैसे मोजायचे नाहीत हा त्यांचा नेमच होता. फिरत फिरत आमच्याकडे आले आणि त्यांना सपाट जागा दिसली ती नेमकी लहानूच्या जोत्याशेजारी, आंब्याखाली.

इंग्रजी बोलणारं माणूस म्हणून मला बोलावणं आलं. आप्पांचं इंग्रजी वाचायचं, ते तोंडातून यायला लाजायचं. माझं पाचवीपासूनचं तोडकंमोडकं, पण लाज म्हणून नव्हतीच. शाळा सुटली की मी आणि सोनी थेट गाडीपाशी. किती भाव खाल्ला मी त्या दिवसांत, आता आठवलं तरी कसंसं होतं.

गाडीला एक वास होता. कॉफी, साबण, डिझेल आणि कसलीशी वाळलेली फुलं. आत सगळं घडीचं. टेबल मिटलं की पलंग, पलंग मिटला की बाकडं. सोनी दारातूनच बघायची, आत पाय ठेवायची नाही. तिला वाटायचं आपण शिरलो आणि काही मिटलं तर.

डोकरी आजी मात्र आंब्याच्या मुळीवर बसून दिवसभर त्यांच्याकडे टक लावून बघायची, आणि जे बघायची त्यानं तिचा जीव कळवळायचा. बाजाराच्या दिवशी ही दोघं सगळ्यात शेवटी जायची आणि उरलीसुरली वांगी घासाघीस करून आणायची. तांदळाला शेगडीवर एक कढ आला की उतरवून ग्रेटा तो टोप रजईत गुंडाळून ठेवायची, तासाभरात आतल्या वाफेवरच भात शिजायचा. गॅस वाचवायला. आजीनं ते पाहिलं आणि म्हणाली, "सरपन नाय बिचारीपाशी." कॉफीचा चोथा दुसऱ्यांदा उकळायचा. एकमेकांचे केस झाडाखाली बसून एकमेकांनीच कापायचे. यानच्या पँटला गुडघ्यावर ठिगळ, तेही दुसऱ्या रंगाचं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, यांनी तर अंथरूणच गाडीत घालून आणलं होतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी आजीनं मला विचारायला लावलं, "यांचं घर कुठं हाय, पूस." मी विचारलं. ग्रेटा हसली, गाडीवर थाप मारली आणि म्हणाली की हेच आमचं घर, तिकडचं विकलं. मी प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "घर विकलं म्हणतात."

 आमच्याकडे शेळी विकतात, बैल विकतात, अगदीच वेळ आली तर बायकोच्या गळ्यातलं विकतात. घर कोणी विकत नाही. घर जातं ते पाण्यात जातं, आगीत जातं नाहीतर धरणात जातं. विकलं म्हणजे या दोघांवर काय वेळ आली असेल. चांगुणानं डोळ्याला पदर लावला. आजी म्हणाली, "आनि या वयात."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाड्यातल्या उरलेल्या प्रत्येक घरातून एकेक सूप आलं. कोणाचा तांदूळ, कोणाची नाचणी, मूठभर उडीद, एक भोपळा आणि काकाची एक तांबडी कोंबडी. लहानूनं स्वतःचं सूप सगळ्यात वर ठेवलं, त्याच्याकडे धान्य होतंच किती. ग्रेटाचे डोळे लकाकले. किती पैसे, तिनं मला विचारलं. मी आजीला विचारलं. आजी अशी बघायला लागली जसं काही मी तिच्या तोंडावर थुंकले. "भुकेल्याला विकतं का कोनी?" मी ग्रेटाला एवढंच सांगितलं की पैसे नकोत. तिनं आजीला मिठी मारली. आजी लाकडासारखी ताठ उभी राहिली, आणि मग हळूच ग्रेटाच्या पाठीवरून हात फिरवला.

घरी जाऊन मी आप्पांना सगळं रंगवून सांगितलं. ते भाकरी खाता खाता थांबले. "अगं खुळे, ते गरीब नाहीत. निवृत्त झाले, घर विकून जग बघत फिरतायत. पैसा पुरवून पुरवून वापरतात इतकंच. ती एक गाडी विकली तर आपला अख्खा पाडा त्यात येईल."  उद्या जाऊन सांगायला हवं, असं मी मनाशी म्हणाले. आणि उद्याचा दिवस उजाडला तेव्हा सांगायची वेळ निघून गेली होती.

त्याला कारण डोकरी आजी. पाड्याचं धान्य खाल्लं की पाड्याच्या कामाला हात लावायचा, हा आमच्याकडचा रिवाज. त्यात गोरा-काळा नसतो. सकाळी आजीनं काठीनं गाडीचं दार ठोठावलं. यान अर्ध्या चड्डीत डोळे चोळत उतरला. आजी मला म्हणाली, "सांग त्याला, घर उभारायचं हाय, चल म्हनावं." मी सांगितलं. मला वाटलं आता चिडेल. कसलं काय, त्याचा चेहरा असा उजळला जसं काही लग्नाचं आवतण आलं. आजवर कुठल्याच देशात मला कोणी कामाला बोलावलं नाही, असं तो म्हणाला आणि बूट घालायला आत पळाला.

मग मी गप्प बसले. खरं सांगते, सोनीसाठी बसले. खरं बाहेर आलं असतं तर पाड्यानं शरमेनं त्यांना काम सांगितलं नसतं, आणि चार हात गेले असते. मला रात्री झोप लागायची नाही, पण तोंडाला कुलूप घातलं ते घातलंच.

किती सुंदर दिवस होते ते. सकाळी दरीत धुकं भरून राहायचं आणि वर फक्त आमचा पाडा, आंबा आणि ती गाडी. कारवी सोलल्याचा हिरवा वास. जुन्या खांबांचे कुजके बुंधे तोडून उरलेले पुन्हा पुरले, म्हणून घर पहिल्यापेक्षा हातभर ठेंगणं झालं. यान खिशातून पट्टी काढून सगळं मोजायचा. लहानू वितीनं मोजायचा. एकदा दोघांचं चांगलंच जुंपलं, यानचं म्हणणं एक खांब दोन बोटं वाकडा आहे. लहानू म्हणाला, "तुला कळतंय, घराला नाय कळत." मी ते भाषांतर केलं आणि यान पोट धरून हसला. तो तिकडं पोस्टमन होता, चिठ्ठ्या वाटणारे त्याचे हात दोन दिवसांत फोडांनी भरले. चांगुणानं त्यांना हळद लावली. ग्रेटानं पहिल्या दिवशी शेणात दोन बोटं घातली, नाक मुरडलं, आणि चौथ्या दिवशी कोपरापर्यंत माखून कुड लिंपत होती. तिच्या बांगडीचा ठसा आतल्या भिंतीवर उमटला होता. दोन-तीन वर्षं तो दिसायचा, मग लिंपणाखाली गेला.

अडलं ते कौलांवर. निम्मी फुटलेली. मोखाड्याच्या बाजूला सोनीच्या मामानं घरावर पत्रे घातले होते, त्याची जुनी कौलं अंगणात रचून पडली होती आणि तो ती द्यायला तयार होता. पण टेम्पोचं भाडं कुठून आणायचं? ट्रक यायला आठ दिवस राहिले होते. लहानू दोन दिवस फुटक्या कौलांतून धड कौलं निवडत बसला. सोनीनं माझी वही परत दिली आणि म्हणाली, "माझा कंपास तूच ठेव." मी तो घेतला नाही, भांडण केलं तिच्याशी.

आणि मग डोकरी आजीनंच बोट दाखवलं. गाडीकडे.

मी ग्रेटाला कसं विचारलं ते मलाच आठवत नाही. ती त्या गाडीत चप्पल घालून कोणाला येऊ देत नसे. तिनं एकदा फुलाफुलांच्या पडद्यांकडे पाहिलं, एकदा ओट्यावर भावाला घेऊन बसलेल्या सोनीकडे पाहिलं, आणि आत जाऊन गाद्या गुंडाळायला लागली. तीन फेऱ्या झाल्या. मोखाड्याच्या वळणांवर ती गाडी अशी डुलत यायची जसं काही नऊ महिने भरलेली बाई. पलंगावर कौलं, ओट्यावर कौलं, मोरीतही कौलं. मी आणि सोनी मधे बसून ती धरून ठेवायचो. शेवाळ्याचा आणि जुन्या धुराचा वास गाडीभर झाला आणि ग्रेटाची वाळलेली फुलं कुठल्या कुठं गेली.

कौलं चढत होती त्या दिवशी आप्पा बघायला आले.  आजीनं त्यांना नेमकं विचारलंच, "गुरुजी, तुमाला ठावं असंल. यांचं घर कसं गेलं हो?" आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग वर पाहिलं, छपराची एक बाजू अजून उघडी होती. "लांबची गोष्ट आहे, आजी," ते म्हणाले, "आधी भात खाऊ." आणि सदऱ्याच्या बाह्या सरसावून कौलं वर द्यायला रांगेत उभे राहिले. माझा जीव भांड्यात पडला.

घर झालं, चूल पेटली, नाचणीच्या भाकरी झाल्या, आणि दोन दिवसांनी ती दोघं त्र्यंबकच्या बाजूला निघाली. इतक्या कमी पैशांत तीन आठवडे आम्ही कुठंच काढले नाहीत, असं यान मला आनंदानं सांगत होता. आजीनं नाचणीच्या पिठाचं गाठोडं ग्रेटाच्या हातात दिलं आणि मला म्हणाली, "सांग तिला. फिरून फिरून दमशील तवा इकडं ये. जागा दावू, जोतं घालून देऊ." मी शब्दाला शब्द सांगितलं. मला वाटलं ग्रेटा हसेल. ती हसली नाही. आजीचा हात हातात धरून कितीतरी वेळ उभी राहिली, आणि यान उगाच गाडीचं चाक तपासत बसला. त्यांचं खरंच घर नव्हतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

हे सगळं सोनीनं आणि मी मिळून लेकीला सांगितलं, एकमेकींचं वाक्य तोडत. नवरा म्हणाला, "पण तू खरं कधी सांगितलंस यांच्या बाबांना?" मी म्हटलं, नाही सांगितलं, लहानूकाका गेले तरी नाही, अजूनही टोचतं. सोनी ताटं मांडता मांडता थांबली. "काय सांगनार होतीस? बाबाला ठावं होतं."

"कधीपासून?"

"तिसऱ्या दिवसापासून. गाडीत फ्रिज बघितला त्यानं. मला म्हनला, गरीब मानूस फ्रिज घेऊन हिंडतं का? पन बोलू नको कोनाला, घराला हात पायजेत." ती भात वाढायला लागली. "सूप तरी बी दिलं त्यानं. म्हनला, खाल्ल्याबिगर कामाला कसं बोलवू?"

अठ्ठावीस वर्षं मी उगाच ओझं वाहिलं म्हणायचं. दोन्हीकडची माणसं पैसे वाचवत होती आणि मधल्या मधे माझीच झोप गेली. इतका राग आला मला लहानूकाकाचा, आणि इतकं प्रेमही आलं. 

गाडी गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी ट्रक आला होता. मी सोनीला शाळेला बोलवायला गेले होते, दप्तर पाठीला, थंडीनं ओठ फुटलेले. ट्रक अंगणाच्या तोंडाशी उभा राहिला. वर आधीच वरच्या पाड्यांची माणसं बसलेली, एक पोरगी कडेवर भाऊ घेऊन. मुकादम खाली उतरला. "चल लहान्या, जागा ठेवलीय तुझी," तो म्हणाला. लहानू वळला, वाकून नव्या दारातून आत गेला, आणि तांब्या भरून बाहेर आला. "पानी घ्या," तो म्हणाला, "आता घर हाय."

मुकादमानं तांब्या घेतला. पाणी पिता पिता त्याची नजर छपरावरून फिरली, कुडावरून फिरली, चुलीच्या धुरापाशी थांबली. त्यानं तांब्या परत दिला, तोंड पुसलं आणि ट्रकवर चढला. ट्रक ओढ्यात उतरून दिसेनासा होईपर्यंत आम्ही कोणी हललो नाही. मग सोनीनं भाऊ आजीच्या मांडीवर ठेवला, आतून दप्तर आणलं आणि माझा दंड धरून ओढला.

"चल की," ती म्हणाली, "घंटा व्हायची."